यंत्राचें वाचन आणि आपलें छापील वाङ्मय

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजोबांच्या वेळचें एखादें फडताळ असेल. त्यांत बांधीव मासिकांचे पिवळे पडलेले खंड, कोणा नातलगाची सही असलेलीं चारदोन नाटकें आणि कसर लागलेली एखादी पोथी असावयाचीच. तीं पुस्तकें टाकवत नाहींत आणि वाचलींहि जात नाहींत. अशा संग्रहांना अलीकडे एक नवा आश्रय मिळाला आहे. जुन्या ग्रंथांचीं पानें एकामागून एक स्कॅन करावीं, त्यांचीं चित्रें इंटरनेटवर ठेवावीं, आणि त्या चित्रांतील अक्षरें यंत्राकडून ओळखवून घेऊन, हवा तो शब्द शोधतां येईल असा पाठ त्यांस जोडावा, हें काम जगभर चाललें आहे व आपल्याकडेहि बरेंच झालें आहे. अक्षरें ओळखण्याच्या या क्रियेस ओसीआर असें आद्याक्षरी नांव रूढ आहे. आम्ही तीस येथें यंत्रवाचन म्हणूं.

मासिकांतून ग्रंथांची परीक्षा होते. लेखकाची होते, भाषांतरकाराची होते, क्वचित् मुद्रकाचीहि होते. मग ज्या यंत्रानें आपल्या भाषेंतील असंख्य ग्रंथांची एक नवी प्रत तयार केली आहे, त्या नव्या लेखनिकाचीच परीक्षा कां होऊं नये? यंत्रवाचनानें जो पाठ निघतो तो मूळ ग्रंथ नव्हे; ती मूळ ग्रंथाची नक्कल आहे. कोणत्याहि नकलेसंबंधीं विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. नक्कल करणारा कोण? त्याला भाषा कितपत येत होती? तो कोठें चुकतो? आणि आपल्या चुका तो उघड ठेवतो कीं झांकतो? हेच प्रश्न आम्ही येथें यंत्राला विचारणार आहों.

प्रथम हे प्रश्न आमच्या मनांत कां आले तें सांगतों. आमच्या परिचयांतील एका बाईंच्या आजी लग्नापूर्वीं लिहीत असत. १९४० च्या सुमारास एका मासिकांत आपला एक लेख छापून आला होता, असें त्या सांगत. महिना कोणता, वर्ष कोणतें, शीर्षक काय, हें त्यांस आठवत नसे. आणि तो अंक तर घरांतून केव्हांच नाहींसा झाला होता. पुढें एका ग्रंथालयानें त्या मासिकाचे जुने खंड स्कॅन करून शोधक्षम केले. आजी तेव्हां हयात होत्या. वय नव्वदीच्या पुढें. नातीनें मोठ्या उत्साहानें आजींचें माहेरचें नांव शोधाच्या चौकटींत घातलें. उत्तर आलें, कांहीं सांपडलें नाहीं. तिनें आडनांव घातलें, गांवाचें नांव घातलें, उत्तर तेंच. मग घरांतील मंडळींनीं समजुतीच्या सुरांत असें ठरविलें कीं, आजींचें वय झालें आहे. एखादी मैत्रीण लिहीत असेल आणि तिची आठवण यांनीं आपली करून घेतली असेल. आजी यावर कांहीं बोलल्या नाहींत, पण तो विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं. या गोष्टीचा शेवट आम्ही पुढें सांगूं. तूर्त एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, एका माणसाच्या शब्दावर यंत्राच्या शब्दानें मात केली आणि कोणालाहि त्यांत वावगें वाटलें नाहीं.

दोष सांगण्यापूर्वीं गुण सांगणें हा परीक्षणाचा धर्म आहे, आणि येथें गुण थोडे नाहींत. या विद्येच्या आरंभींच्या प्रयत्नांत अंधांची सोय हा एक मोठा हेतु होता. १९१४ च्या सुमारास फूर्निए दाल्ब यांनीं छापील अक्षरांचें सुरांत रूपांतर करणारें ऑप्टोफोन नांवाचें यंत्र केलें. १९७६ मध्यें अमेरिकेंत रे कर्झवाइल यांनीं छापील पान मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र लोकांपुढें आणलें. नागरी लिपीच्या बाबतींत आपल्या देशांतील संशोधक मागें नव्हते. कानपूरच्या आयआयटीचे सिन्हा यांनीं महाबल यांच्यासह नागरीच्या यंत्रवाचनावर १९७९ मध्यें निबंध प्रसिद्ध केला, आणि कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील चौधुरी व पाल यांनीं १९९७ मध्यें बंगाली व नागरी या दोन्ही लिपी वाचणाऱ्या पद्धतीचें वर्णन केलें. आज ज्याचा उपयोग कोणासहि विनामूल्य करतां येतो तें टेसरॅक्ट नांवाचें साधन ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनींत १९८५ नंतरच्या दहा वर्षांत घडलें, २००५ मध्यें सर्वांस खुलें झालें, आणि २०१८ च्या चवथ्या आवृत्तीपासून त्याची वाचनाची रीतच बदलली. त्याला मराठीहि शिकविलेली आहे.

या साऱ्याचें फळ डोळ्यांपुढें आहे. एक शब्द शेंकडों ग्रंथांतून क्षणांत शोधतां येतो. पूर्वीं एखाद्या अभ्यासकाचें अर्धें आयुष्य ज्या टिपणांत जाई तें काम एका संध्याकाळीं होऊं शकतें. अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत वाढलेल्या मराठी मुलास पणजोबांचें पुस्तक पाहण्यासाठीं पुण्यास यावें लागत नाहीं. दृष्टिहीन वाचकास तर यंत्रानें वाचलेला पाठ हाच त्या ग्रंथाचा एकमेव दरवाजा आहे. हा उपकार जो नाकारील तो कृतघ्न ठरेल.

आतां हा लेखनिक लिहितो कसा तें पाहूं. पानाचें चित्र साधारणतः इंचास तीनशें ठिपके या प्रमाणांत घेतात. पान तिरपें असेल तर सरळ करितात, कागदाचा पिवळेपणा काढून शुद्ध काळें-पांढरें करितात, आणि मग ओळी वेगळ्या करितात. नागरीची खरी अडचण येथें सुरू होते. इंग्रजींत छापील अक्षरें सुटीं उभीं असतात. आपलीं अक्षरें शिरोरेघेला टांगलेलीं. म्हणून जुन्या पद्धतींत यंत्र प्रथम शिरोरेघ पुसून अक्षरें सुटीं करी, आणि रेघेवरील मात्रा, मधलें अक्षर व खालचा उकार असे तीन मजले निराळे वाचून पुन्हां जोडी. नव्या पद्धतींत अक्षरें तोडीत नाहींत. ओळींच्या पुष्कळ नमुन्यांवरून यंत्राला संवय लावितात, आणि तें सबंध ओळ एकदम वाचतें. संवय या शब्दावर आमचा भर आहे. यंत्र डोळ्यानें पाहतें तितकेंच संवयीनेंहि वाचतें, आणि ही संवय मुख्यतः आजच्या भाषेची व आजच्या टाइपाची असते. शिळाछापावर छापलेल्या जुन्या पुस्तकांत तर अक्षर मुळांत हातानेंच लिहिलेलें. तेथें या लेखनिकाची गति फारच मंदावते.

पहिला दोष साम्याचा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांतील भेद एका बारीक गांठीचा किंवा रेघेचा. शाई पुसट झाली कीं घर चें धर होतें, भात ची मात होते, बारा चा वारा होतो. जुन्या टाइपांतील ख सुटून रव होतो. विशेष हें कीं, यांतील पुष्कळ चुकांतून खरेच शब्द निघतात. त्यामुळें शब्दकोशाशीं ताडून पाहिलें तरी त्या सांपडत नाहींत. यावर कोणी म्हणेल कीं शेंकड्यांत अठ्ठ्याण्णव अक्षरें बरोबर आलीं तर तक्रार कसली? थोडें गणित करूं. चुका सारख्या विखुरल्या आहेत असें धरलें तर अठ्ठ्याण्णव टक्के अचूक पाठांत पांच अक्षरांचा शब्द निर्दोष उतरण्याचा संभव सुमारें नव्वद टक्केच राहतो. म्हणजे अशा दर दहा शब्दांत एक शोधाला लागत नाहीं. अचूकता पंचाण्णवांवर उतरली तर चौथाईच्या जवळपास शब्द हातचे गेले. जो शब्द ग्रंथांत पन्नास वेळां आला आहे त्याचें फारसें बिघडत नाहीं. जो एकदांच आला आहे, एखादें विशेषनाम, एखादा दुर्मिळ प्रयोग, त्याचा मात्र सर्वनाश होतो. आणि मनुष्य शोधावयास निघतो तो बहुधा एकदांच आलेल्या गोष्टीसाठीं.

दुसरा दोष आमच्या मतें अधिक खोल आहे, कारण तो भाषेच्या इतिहासाशीं निगडित आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनीं, व १९७२ मध्यें त्यांस पडलेल्या भरीनें, व्युत्पत्तीवर आधारलेले अनुच्चारित अनुस्वार निघून गेले. त्यापूर्वींचें छापील मराठी वाङ्मय अनुस्वारांनीं भरलेलें आहे. प्रस्तुत लेखहि आम्हीं त्याच वळणानें लिहिला आहे. आजच्या मराठीवर पोसलेल्या यंत्राला हे ठिपके अनोळखी. त्यांतून पान स्वच्छ करितांना धूळ म्हणून बारीक ठिपके काढून टाकण्याची जी क्रिया असते, तिला धूळ आणि अनुस्वार यांत फरक दिसत नाहीं. कधीं अनुस्वार धुळीबरोबर जातात, तर कधीं कागदाचा डाग अनुस्वार होऊन बसतो. ही केवळ हौशी वैयाकरणाची कुरकुर नव्हे. जुन्या लेखनांत नांव म्हणजे संज्ञा आणि नाव म्हणजे होडी. तीं म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि ती म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन. ठिपका गेला कीं तीं कोण आणि ती कोण हें वाचकानें संदर्भावरून ताडावें लागतें, आणि मूळ लेखकानें तें स्पष्ट केलें होतें ही गोष्टच लुप्त होते. उलट, ज्या ठिकाणीं यंत्रानें इमानानें अनुस्वार टिपले तेथें आजचा वाचक अनुस्वारावांचून शब्द घालतो आणि शोध रिकाम्या हातानें परततो. म्हणजे यंत्र चुकलें तरी घोटाळा, न चुकलें तरी घोटाळा.

अनुस्वाराहून मोठी अडचण लिपिसुधारणेच्या प्रयोगांची. सावरकरांनीं व काका कालेलकरांनीं इ, ई, उ, ऊ हीं स्वतंत्र अक्षरें सोडून अ लाच काने-मात्रे लावण्याचा, म्हणजे अ च्या बाराखडीचा, पुरस्कार केला. आणि किर्लोस्कर मासिकासारख्या लोकप्रिय नियतकालिकानें ती प्रत्यक्ष छापून दाखविली. तेथें इतिहास हा अितिहास असे आणि उत्तर हें अुत्तर. मनुष्यवाचकाला ही पद्धति दोन पानांत अंगवळणी पडते. यंत्राला पडत नाहीं. तें अशा अक्षराच्या ठिकाणीं केव्हां नुसता अ ठेवतें, केव्हां भलतेंच जोडाक्षर बनवितें. आणि समजा त्यानें अचूक अि टिपला, तरी आज इतिहास म्हणून शोधणाऱ्याच्या हातीं तो लागेल कसा? शोधणाऱ्या यंत्राच्या लेखीं हे दोन सर्वस्वीं निराळे शब्द आहेत.

तिसरा दोष झांकपाकीचा, आणि हा आम्ही सर्वांत गंभीर समजतों. शोधक्षम पीडीएफ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ठाऊक असेल कीं, डोळ्यांना दिसतें तें पानाचें चित्र. यंत्रानें वाचलेला पाठ त्या चित्राखालीं अदृश्य असतो. आपण शोधतों त्या अदृश्य पाठांत आणि पाहतों मूळ चित्र. परिणाम असा कीं, जें सांपडतें तें नेहमीं शुद्धच दिसतें, आणि जें अशुद्ध उतरलें तें कधीं डोळ्यांपुढें येतच नाहीं. वाचकाला यंत्राचीं यशें तेवढीं दिसतात. वाईट छापलेल्या पुस्तकाचे मुद्रणदोष वाचकास टोंचतात, म्हणून मागें शुद्धिपत्र जोडण्याची लाज तरी मुद्रकाला असते. येथें शुद्धिपत्राची गरजच कोणास भासत नाहीं. ‘सांपडलें नाहीं’ या उत्तराचा अर्थ ‘यंत्राला दिसलें नाहीं’ एवढाच असतांना ‘अस्तित्वांत नाहीं’ असा तो घेतला जातो. अमुक शब्द अमुक सालापूर्वीं मराठींत नव्हता, अमुक लेखिकेनें अमुक विषयावर लिहिलें नाहीं, असल्या विधानांच्या बुडाशीं पुढें हेंच उत्तर असावयाचें, ही भीति आम्हांस खरी वाटते.

अलीकडे या क्षेत्रांत आणखी एक पाहुणा आला आहे. चित्र पाहून थेट वाक्यें रचणारीं मोठीं भाषा-प्रतिमानें जुन्या पानाचा पाठ पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतका चांगला देतात. परंतु जेथें कागद फाटला आहे किंवा शाई उडाली आहे तेथें तीं थबकत नाहींत. संदर्भास शोभेल असा शब्द घालून पुढें जातात. जुनें यंत्र चुकलें कीं मूर्खासारखें चुके, आणि तें लगेच ओळखूं येई. नवें यंत्र शहाण्यासारखें चुकतें. लेखकानें न लिहिलेलें पण त्यानें लिहिलें असतें असें वाटणारें वाक्य ग्रंथांत शिरणें, हा पाठभ्रष्टतेचा सर्वांत वाईट प्रकार होय.

मोडीविषयीं दोन शब्द पुरेत. त्या लिपींत शिरोरेघ आधीं सलग ओढून घेतात, शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत; आणि प्रत्येक कारकुनाचें वळण निराळें. १९१० मध्यें स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांतून जे कागद आहेत ते अजून मुख्यतः मोडी जाणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरच अवलंबून आहेत.

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, उपाशी माणसास अर्धी भाकरी मिळत असतां तुम्ही ती कच्ची म्हणून नांवें ठेवितां. सदोष कां होईना, पाठ नसण्यापेक्षां असणें बरें नव्हे काय? बरें हें खरेंच, आणि यंत्रवाचन बंद करावें असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, भाकरी अर्धी आहे हें वाढणारानें सांगावें. नकलांच्या दोषांशीं आपल्या परंपरेची ओळख आजची नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो नकलाकारांच्या हातून अपपाठ शिरले होते म्हणूनच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें हातीं घेतलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९६६ मध्यें तडीस गेलें. सुकथनकरांसारख्या विद्वानांनीं तेथें पाळलेली शिस्त अशी कीं, संपादकानें जो पाठ स्वीकारला त्याच्याखालीं न स्वीकारलेले पाठहि द्यावयाचे, आणि प्रत्येक पाठ कोणत्या पोथींतला तें सांगावयाचें. यंत्राच्या पाठास यांतील शतांश शिस्त तरी कां असूं नये?

म्हणून ग्रंथालयांस व अशा संग्रहांच्या चालकांस आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पाठ कोणत्या साधनानें व कोणत्या वर्षीं काढला हें प्रत्येक ग्रंथाच्या आरंभीं लिहावें. कांहीं पानें माणसाकडून ताडून घेऊन अचूकतेचा अदमास द्यावा. अदृश्य पाठ वाचकास उघडून पाहतां यावा व दुरुस्त करतां यावा. शोधाच्या सोयींत नांव व नाव, अितिहास व इतिहास हीं एकच समजलीं जावीं, आणि ऱ्य हें जोडाक्षर संगणकांत दोन तऱ्हांनीं साठविलें जातें त्या तऱ्हाहि एकच धराव्या. मात्र ही एकरूपता शोधापुरती असावी, मूळ पाठांतील लेखन कोणी आधुनिक करूं नये. पानाचें मूळ चित्र धुऊन पुसून न टाकतां जसेंच्या तसें राखावें. कारण यंत्रें सुधारत जातील आणि तेंच पान पुन्हां वाचावयास लागतील. जेथें यंत्रास अक्षर कळलें नाहीं तेथें त्यानें ‘कळलें नाहीं’ असें चिन्ह करावें.

वाचकांसहि करण्यासारखें आहे. मराठी विकिस्रोतावर यंत्रानें वाचलेला पाठ व पानाचें चित्र शेजारीं शेजारीं ठेवतात. एकानें तो तपासावयाचा, दुसऱ्यानें पुन्हां पाहावयाचा, आणि पान कोणत्या अवस्थेंत आहे हें रंगानें दाखवावयाचें, अशी पद्धति आहे. घरांतील निवृत्त मंडळींस, ज्यांचे डोळे जुन्या टाइपास सरावलेले आहेत त्यांस, दिवसास एक पान तपासणें कठीण नाहीं. आणि शोध घेतांना पहिल्या नकारानें थांबूं नये. अनुस्वार देऊन पाहावा, काढून पाहावा, शब्दाचा तुकडाच घालून पाहावा, आणि काम महत्त्वाचें असेल तर सरळ पानें उलटावीं.

आमच्या परिचयाच्या बाईंनीं शेवटीं तेंच केलें. आजी निवर्तल्यावर वर्षभरानें त्यांनीं तेच स्कॅन केलेले खंड पहिल्या पानापासून एकेक करून पाहण्यास आरंभ केला. सतराव्या दिवशीं लेख सांपडला. सव्वादोन पानांचा, गांवांतील मुलींच्या शाळेविषयीं. आजींचें माहेरचें नांव इ या अक्षरानें सुरू होणारें; मासिक अ ची बाराखडी छापणारें; त्यामुळें तें अि नें छापलेलें, आणि यंत्रानें त्याचा कांहींतरी निराळाच शब्द केलेला. आडनांव त्या काळच्या पुष्कळ लेखिकांप्रमाणें छापलेलेंच नव्हतें. शेवटीं गांवाचें नांव होतें, पण त्यांतील घ चा यंत्रानें ध केला होता. पानावर मात्र सर्व स्पष्ट होतें. चष्मा लावून कोणीहि वाचावें इतकें स्पष्ट.

बाईंनीं ती सव्वादोन पानें, अनुस्वार व अ च्या बाराखडीसह, स्वतः टंकित करून ग्रंथालयास पाठविलीं, आणि पाठ दुरुस्त करावा अशी विनंति केली. त्याच खंडांत आणखी किती कुमारिका अशाच न सांपडतां राहिल्या असतील, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आमच्यापाशीं त्याचें उत्तर नव्हतें.